दाखल क्रमांक चारशे सतरा

आमच्या घरात वाचायला काही नव्हतं असं जो म्हणेल तो माझा वैरी. भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि त्याची मागची बाजू मी दर महिन्याला न चुकता वाचत असे. सोयाबीनच्या बियाण्याची रंगीत पुस्तिका होती. कुकरसोबत आलेलं माहितीपत्रक होतं, तेही चार भाषांत. देवघरात लाल फडक्यात बांधलेली बाबांची पोथी होती, पण ती कोणी सोडत नव्हतं. एवढं भांडार घरात असताना छकुलीच्या शाळेतून 'घरोघरी वाचन' असा तक्ता आला, तर मी कशाला घाबरू? पंधरा दिवस, आणि रकाने म्हणजे पुस्तकाचे नाव, लेखक, वाचलेली पाने, काय समजले, पालकाची सही. मी तालुक्याच्या एका कचेरीत अठरा वर्षं आवक-जावक सांभाळतो. असले तक्ते मी चहा थंड व्हायच्या आत भरतो. पेन काढलं आणि पंधराच्या पंधरा सह्या ठोकून दिल्या.

छकुली सहावीत आहे. तिनं तक्ता पाहिला, मग मला पाहिलं.

"पप्पा, ही तर उद्याची तारीख आहे."

"उद्या येईलच ना बेटा."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिलं."

कचेरीत हा शब्द आम्ही वापरत नाही. मी तिला 'आगाऊ नोंद' म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो, तेवढ्यात सुचिता पोळपाटावरून बोलली, "अहो, लेकराच्या देखत तरी असं नका करू. आणा ना एखादं पुस्तक. डोणगावात वाचनालय आहे म्हणतात." आहे म्हणतात! आम्ही डोणगावात राहतो, आणि वाचनालय आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. पण खरं सांगतो, मीही त्याच्या ओट्यावर पाऊस चुकवण्यापुरताच चढलो होतो.

वाचनालयाचे ग्रंथपाल नारायणराव हे ग्रंथांचे खरे राखणदार. त्यांच्या हातून ग्रंथ सहसा सुटत नाही. मी म्हटलं, वाचायला पाहिजे. ते म्हणाले, पेपर तिकडे आहे. मी म्हटलं, पुस्तक पाहिजे. त्यांनी चष्मा वर केला.

"घरी नेता?"

"हो."

"कायले?"

"वाचाले."

यावर त्यांनी मला अर्ज दिला. अर्जाला एक शिफारसदार लागत होता. जन्मभर लोकांचे अर्ज घेणारा मी, आता माझी वर्तणूक बरी आहे हे सांगायला माणूस शोधत हिंडलो. शेवटी शेजारचे शालिग्रामभाऊ राजी झाले. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी अजून कोणाच्याही घरात शिरताना आधी डोकी मोजतात. त्यांनी लिहिलं, 'अर्जदारास मी पुष्कळ वर्षांपासून ओळखतो, तरी शिफारस करतो.' त्या 'तरी'चं मला काही कळलं नाही.

अर्ज मंजूर झाला तर कपाटाची चावी अध्यक्षांच्या घरी, आणि अध्यक्ष पुण्याला पोराकडे. चौथ्या दिवशी चावी त्यांच्या फडताळात लोणच्याच्या बरणीमागे सापडली. कपाट उघडलं आणि नारायणरावांनी हाताला लागलं ते पुस्तक काढून दिलं. खाकी पुठ्ठा, नवी बांधणी, पण आत नावाचं पान नाही. पुस्तक थेट पाचव्या पानावर सुरू होत होतं. पाठीवर पांढऱ्या शाईनं '४१७' एवढंच.

"नाव काय याचं?"

"चारशे सतरा."

"लेखक?"

"दाखल रजिस्टरात असन. पाहू सवडीनं. पंधरा दिवसांत परत करजा."

मला ते पसंत पडलं. नावापेक्षा नंबरवर माझा जास्त भरवसा आहे.

त्या दिवशी दिवेलागणीला मी बैठकीत खुर्चीवर बसलो, छकुली समोर, सुचिता मोबाइल घेऊन बाजूला, आणि मी कादंबरी वाचायला सुरुवात केली. यमुना नावाची एक तरुण बाई असते. तिचा नवरा रघुनाथ कामासाठी शहरात जातो. घरात ती आणि सासू. यमुनेला शिवण येतं, लिहिणं-वाचणं येत नाही. मी दोन पानं वाचली असतील. माझ्या मते मी उत्तम वाचत होतो.

"थांब."

आवाज मागच्या खोलीतून आला. आम्ही तिघंही दचकलो, कारण तो आईचा होता.

आई, म्हणजे गोजरबाई, वर्षभरापासून आमच्याकडे आहे. बाबा गेले, सुलतानपूरचं घर बंद केलं आणि तिला घेऊन आलो. तेव्हापासून ती मागच्या खोलीत खाटेवर बसून असायची. जेवली का? हाव. काही दुखते का? नाही. या दोन शब्दांत तिचा दिवस जायचा. सुचिताला वाटे आपलंच काही चुकतं. मला वाटे, वय झालं. मला असं वाटणं सोयीचं होतं.

आई दारात येऊन उभी राहिली. "असं वाचतेत का बे? तालुक्याहून नोटीस आल्यावाणी. तुहा बाप कसा वाचे? दम घेत वाच." आणि तिनं देवघरातला पाट आणून मांडला, त्यावर धुतलेलं फडकं टाकलं, माझ्या हातातून चारशे सतरा घेऊन त्यावर ठेवलं आणि बाजूला दिवा लावला. "उतर खुर्चीवरून. खाली बस."

"आई, ही पोथी नाही, कादंबरी आहे."

"मोठ्यानं वाचून राह्यला ना? चार जणं ऐकून राह्यले ना? मंग पोथीच झाली ते."

सुलतानपूरला श्रावणात देवळात पोथी लागायची. बाबा वाचायचे आणि थांबायचे, मग कोणीतरी अर्थ सांगायचं. पुरुषांत अर्थ सांगणारे पुष्कळ होते. पण बायकांच्या बाजूला आईच सांगायची, आणि तिकडे हशा पिकला की पुरुषांचे कान तिकडेच जायचे. आईला अक्षर येत नाही. ते मला माहीत होतं. बाकीचं मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तानाबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. पाट, दिवा, खाली बसलेला मी. त्यांनी आधी चपला काढल्या, मग हात जोडले. "अगं माय! पोथी लावली अन् सांगितलं बी नाही?" मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण आईनं त्यांना हातानंच बसवलं. तिसऱ्या दिवशी तानाबाई सून घेऊन आल्या, सोबत वाटीभर खडीसाखर आणि फुलवाती. सहाव्या दिवशी बैठकीत अकरा बायका आणि दारात डोकी मोजत शालिग्रामभाऊ होते. माझ्या मोटारसायकलीला अंगणात जागा उरली नाही.

मी दोन पानं वाचायचो, आई हात वर करायची, मी थांबायचो. मग ती अर्थ सांगायची. नवव्या प्रकरणात यमुनेची सासू दिवसभर भांडी आपटते, शिवणाचा डबा फेकून देते. बायका चिडल्या. तानाबाई म्हणाल्या, "असी सासू वैऱ्याले बी नोको." आई म्हणाली, "तसं नाही वो. सासू खराब नाही. घर तिचं होतं, अन् आता तिले कोणी इचारतच नाही, का हे करू का थे करू म्हून. रिकाम्या हातानं माणूस भांडीच आपटीन. नाही तं मंग गुमान बसून राहीन." सुचिता मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेथीच्या दोन जुड्या आईसमोर आणून ठेवल्या. "आत्याबाई, निवडता का?" आई म्हणाली, "आण." एवढंच. पण सुचिता स्वयंपाकघरात येऊन मला पाठमोरी उभी राहिली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, कांदा आहे. कांदा अजून चिरायचाच होता. त्या दिवसापासून भाजीत मीठ किती यावर आमच्या घरात दोन मतं आहेत, आणि मला दोन्ही खावी लागतात.

अडचणी नव्हत्या असं नाही. अकराव्या प्रकरणात रघुनाथ सुटीवर येतो आणि परसात यमुनेचा हात धरतो. समोर अकरा बायका, पाटावर दिवा, बाजूला माझी मुलगी. मी ते वाक्य घशातल्या घशात वाचून पुढे सरकलो. आईचा हात वर. "काय वाचलं? मोठ्यानं वाच." मी पुन्हा वाचलं. शालिग्रामभाऊ म्हणाले, "पोथीत असं असते का हो गजूभाऊ?" तानाबाई त्यांच्यावर कडाडल्या, "लगनाच्या बायकोचा हात धरला, एसटीतल्या बाईचा नाही धरला!" शालिग्रामभाऊ दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, आणि मधल्या दोन दिवसांत काय झालं ते सगळ्यांना विचारत बसले.

छकुली 'काय समजले' या रकान्यात रोज आजीचा अर्थ आजीच्याच शब्दांत लिहायची. दहाव्या दिवशी तक्ता शाळेतून परत आला. लाल शाईत तीन शेरे: पुस्तकाचे नाव नाही, लेखक नाही, भाषा शुद्ध लिहावी. अठरा वर्षं मी लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले. आज माझ्याच घरी त्रुटी आली. मी छकुलीला म्हटलं, "बेटा, 'काऊन' काढ, तिथे 'का' कर." ती म्हणाली, "पण आजी 'का' म्हणालीच नाही. मग ते पुन्हा खोटं होईल." आईनं दारातून ऐकलं आणि ती आत गेली. लहानपणी बुलडाण्याच्या वसतिगृहातून घरी आलो की मीच तिला शुद्ध बोल म्हणायचो.

पोथी लागली की समाप्ती आलीच. पंधराव्या दिवशी गुरुवार होता. आईनं जाहीर केलं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, अख्ख्या गल्लीला. गोवऱ्या शालिग्रामभाऊंच्या, वांगी तानाबाईंच्या मळ्यातली. आणि एक नियम तिनं पहिल्या दिवशीच घातला होता, पुढचं पान आधी पाहायचं नाही. मी तो पाळला. पण मंगळवारी, गुरुवारी किती पानं उरतील याचा कारकुनी हिशेब करावा म्हणून मी मागून पुस्तक उघडलं. मागची दहा-बारा पानं कोरी होती. बाइंडरनं लावलेली. त्याआधी पान दोनशे आठ. शेवटची ओळ अशी: 'इतक्या महिन्यांनी रघुनाथचे पत्र आले होते. यमुनेने दाराआड जाऊन पाकीट फोडले. आत'

आत काय? पुढे कोरं पान.

माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. आईला सांगून टाकावं म्हणून मी तिच्या खोलीत गेलो. ती वाती वळत होती.

"आई, समजा एखादी पोथी पुरी नाही झाली, तर?"

तिनं वात खाली ठेवली. "तुह्या बापाची तीन अध्याय राह्यली. दवाखान्यात नेलं तवा म्हणे, आल्यावर वाचू. काई आले नाही. तवापासून माह्या जिवाले असं वाटते, का मी तठीच बसून हाये, पाटासमोर. वाचणारा उठून गेला अन् मले कोणी उठ म्हणलंच नाही." मग वात उचलली. "हे पुरी झाली म्हंजे मले बी उठल्यासारखं वाटीन."

आता सांगा, यानंतर कोण माईचा लाल तिला सांगेल की आत कोरं पान आहे?

मी वाचनालयात धावलो. नारायणराव म्हणाले, "कादंबरी सोळा-सोळा पानांच्या फर्म्यानं छापतेत. तुमचा शेवटचा फर्मा गेला. पण पानं कमी असल्याची तक्रार पुस्तक नेण्याच्या आधी करा लागते." नाव कळलं तर दुसरी प्रत शोधता येईल म्हणून दाखल रजिस्टर काढलं. तीनशे नव्वदपासून चारशे चाळीसपर्यंत वाळवीनं खाल्लेलं. शालिग्रामभाऊंना विश्वासात घेतलं, ही माझी मोठी चूक. त्यांनी 'ओळखा ही कादंबरी' म्हणून चार ग्रुपांवर टाकलं. उत्तरादाखल सव्वीस शुभ सकाळ आल्या आणि मेहकरच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन. ते ठामपणे म्हणाले, शेवटी यमुना विहिरीत उडी घेते, त्या काळी घेतच असत. मी म्हटलं, नाव? ते म्हणाले, नाव आठवत नाही, विहीर आठवते.

विहीर आईपुढे वाचणं शक्य नव्हतं. बुधवारी कचेरीत मी आवक रजिस्टर बाजूला सारलं आणि शेवट स्वतः लिहिला. सुखान्त केला. लिहून झाल्यावर मला माझंच कौतुक वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी अंगण भरलं. नारायणरावसुद्धा आले होते. परतीची तारीख आज आहे याची आठवण द्यायला, असं म्हणाले, पण बसले चुलीजवळ. गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या भाजून तयार होत्या, वरणाला फोडणी पडली होती, आणि समाप्ती होईपर्यंत कोणी घास घेणार नव्हतं. मी दोनशे आठवं पान वाचलं. '...पाकीट फोडले. आत'. पान उलटलं आणि आत दडवलेला माझा कागद वाचू लागलो.

"'प्रिय यमुना, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, माझी शहरातील नेमणूक संपुष्टात आली असून मी दिनांक पंधरा रोजी स्वगृही रुजू होत आहे. तरी...'"

आईचा हात वर.

"हे पुस्तकातलं नाही."

"आहे ना आई."

"गजू, रघुनाथ असा नाही बोलत. हे तुह्या हापिसातलं पत्र हाये."

छकुलीनं हात लांबवून पुस्तकातून माझा कागद ओढला, कोरं पान पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. पंधरा सह्यांच्या वेळी पाहिलं होतं तसंच. मी चाळीस माणसांसमोर मान खाली घातली. "आई, मागची पानंच नाहीत. मंगळवारीच पाहिलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

तानाबाई पुटपुटल्या, "अर्धी पोथी! आता वं माय?" शालिग्रामभाऊंनी बट्ट्यांकडे पाहून उसासा टाकला. आईनं दिव्याची वात पुढे सारली. मला वाटलं, ती आता उठेल आणि मागच्या खोलीत जाऊन बसेल, आणि या खेपेला कोणाच्या हाकेला ओ देणार नाही. भीती वाटली मला, खरंच.

ती उठली नाही. तिनं पाटावरचं पुस्तक मांडीवर घेतलं, कोऱ्या पानावरून हात फिरवला आणि पुढे सुरू केलं.

"आत एकच कागद होता. यमुनाले काई वाचता येत नव्हतं. तिनं शेजारची पोरगी बलावली. म्हणे, वाच वो माय, पन दम घेत वाच. पोरीनं वाचलं. त्यात होतं, का मी काई आता येत नाही. यायचं लय मनात होतं, पन जमलं नाही. तू माह्या वाटंवर बसून राहू नोको. माह्याकून जे राह्यलं, थे तू पुरं कर."

"मंग? रडली का वो ते?" तानाबाईंनी विचारलं.

"रडली ना. काऊन नाही रडणार? अन्नपाणी सोडून बसली. कोणी बोललं तं हाव म्हणे, नाही तं नाही म्हणे. मंग एक दिवस सासूनं तिच्या पुढं कापड आणून टाकलं. म्हणे, माही चोळी शिवतं का? यमुना म्हणे, आण." आई सुचिताकडे पाहत होती. "मंग बसली ते मशिनीवर."

शालिग्रामभाऊ पुढे सरकले. "अन् रघुनाथ? तो हाये का गेला?"

"थे पत्रात नव्हतं," आई म्हणाली. "पत्रात सगळं नसते, बापा." तिनं पुस्तक मिटलं, दिव्याला आणि पुस्तकाला हात जोडले. "झाली पोथी. वाढा आता. लेकरं भुकेजली."

सुचितानं पहिलं ताट आईपुढे ठेवलं आणि तिच्या शेजारीच खाली बसली. वाढायला मी होतो.

छकुलीनं तेव्हाच पेन काढलं होतं. बाइंडरच्या कोऱ्या पानांवर ती आजीला एकेक वाक्य विचारून लिहीत होती, काऊनसकट. नारायणराव म्हणाले, वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणं नियमात बसत नाही. तिसऱ्या बट्टीनंतर म्हणाले, पण पानं पुरी करणं हे दुरुस्तीत धरता येईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या प्रत्येक पानावर वाचनालयाचा शिक्का मारला आणि नवीन रजिस्टरात चारशे सतराची नोंद केली. शाळेच्या तक्त्यात लेखकाच्या रकान्यात छकुलीनं लिहिलं, 'पान ५ ते २०८ माहीत नाही. पुढे माझी आजी, गोजरबाई.' या वेळी लाल शाई आली नाही. चारशे सतरा सध्या छकुलीच्या शाळेतल्या बाईंकडेच आहे, आणि पुढे सहा जणांचे नंबर लागलेत.

समाप्तीनंतरच्या शुक्रवारी मी मेहकरच्या कचेरीतून घरी आलो तर दिवा लागलेला. पाट मांडलेला. त्यावर लाल फडकं सोडलेलं, आणि बाबांची पोथी उघडून ठेवलेली. बाबांनी खूण म्हणून घातलेला दोरा तिथंच होता. गल्लीतलं कोणी नव्हतं, आम्ही चौघंच.

"तीन अध्याय हायेत," आई म्हणाली. "हातपाय धू अन् बस."

मी बसलो. समासात बाबांच्या बोटांचे हळदीचे डाग होते. चौथ्या ओळीला मी थांबलो, पुढची अक्षरं काही केल्या दिसेनात. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घे दम," ती म्हणाली. "मी बसली हाये."